चुना

सिरेतच्या काठी दुसऱ्या विभागातला शेवटचा शनिवार.
हरले तर खाली; वरचा विषय मार्चमध्येच संपला.
डोरिनेल चुन्याचा गाडा ढकलतो;
डावं चाक कुरकुरतं, रेघ जराशी ढळते.
पगार फेब्रुवारीपासून थकलेले.
अध्यक्षांनी अख्ख्या क्लबला लावला
त्यातलाच हा उरलेला, असं तो म्हणतो
आणि एकटाच हसतो.

गोलकीपर ओविदिउ लवकर आलाय,
खांबाला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडत.
सोमवारपासून मेहुण्याच्या टायरच्या दुकानात.
"पेनल्टीचा ठिपका वीतभर मागे घे ना, काका.
कोण मोजणार आहे?"

डोरिनेल टेप काढतो.
अकरा मीटर.
पुन्हा एकदा, अकरा.
मग गुडघ्यावर बसून
मुठीतून चुना सोडतो
नेमका तिथेच,
जिथे तो वरच्या विभागातही असतो.