ताबा-पावती

पेटी आली तेव्हा मी भात वेळत होते.
कुरियरचा पोरगा मालवणहून रिक्षा करून आलेला,
म्हणाला, मॅडम, अकरा किलो, सही पाहिजे, आणि आधार.
पिवळी, चारी कोपऱ्यांना रबर,
आत फोमच्या गादीवर डोळा मिटून पडलेलं
मोजणीचं यंत्र.
पुण्याच्या कंपनीचं.
माझं फक्त काम:
आचऱ्यापासून तोंडवळीपर्यंत
समुद्र किती आत आला ते मोजायचं.
पाच महिने. पैसे किलोमीटरवर.

यंत्राची किंमत चलनावर सहा लाख ऐंशी हजार.
घराची, ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर, तीन लाख दहा.
हे दोन आकडे उशाला घेऊन मी झोपले,
म्हणजे झोपले नाही.

करारात नववं कलम:
ताब्यातील साहित्याची जबाबदारी सर्वस्वी कंत्राटदाराची.
कंत्राटदार म्हटलं की मला डांबर आठवायचं,
पांढरी गाडी, गळ्यात साखळी.
ती मी निघाले,
ओल्या हातांची, पाठीला पदर पुसणारी.

पराडकर विमावाले ओट्यावर बसले.
वस्तू कुणाची?
कंपनीची.
मग विमा कंपनीने काढायचा.
कंपनी म्हणते, मी.
मग तुमचा हितसंबंध काय?
फॉर्मातच आहे हो शब्द, मी नाही काढला:
विमायोग्य हितसंबंध.
गेली तर तुमचं काय जातं, एवढंच सांगायचं.
म्हटलं, घर जातं. दोनदा. वर पडवीसुद्धा.
ते हसले नाहीत.
चष्मा वर करून लिहिलं: आहे.

भिंत? चिऱ्याची.
छप्पर? नळे.
कुलूप? कडी आहे, आतून.
घरात कोण असतं? सासरे. आणि मांजर, पण ते लिहू नका.
समुद्र किती लांब?
नक्की सांगते, म्हटलं,
पण त्यासाठी पेटी उघडावी लागेल.

सासरे जाळ्याची गाठ दातात धरून ऐकत होते.
म्हणाले, दुसऱ्याचो दागिनो अंगार घातलो काय
मान आखाडता.
मग त्यांनी मोठ्या टोपाची गोष्ट काढली,
थोरल्या नणंदेच्या लग्नात तारींकडून आणलेला,
परत करताना बुडाला पोचा.
कागद नव्हता, कलम नव्हतं.
टोपात नारळ आणि मूठभर तांदूळ घालून
हे स्वतः उचलून घेऊन गेले,
आणि तारीण पोच्यावरून हात फिरवून
इतकंच म्हणाली, चहा घेऊन जा.
पुढची तीन वर्षं ह्यांनी त्या घराला
पहिल्या जाळीची सुरमई नेऊन दिली.
हप्ता कुणी ठरवला होता, आबा?
कोण ठरवतलो. पोचो दिसा होतो.

पॉलिसी आली, चौदा पानांची.
चोरी धरली, आग धरली, वीज पडली तर धरली,
पूर आला तर अर्धा धरला.
अकराव्या पानावर बारीक अक्षरात वगळलं:
गंज, बुरशी, खारी हवा,
आणि हळूहळू होणारी कोणतीही हानी.

मी ते पान दोनदा वाचलं.
खिडकीचे गज बघितले,
दरवर्षी एक सूत बारीक होणारे.
आबांचे गुडघे.
माडांची ओळ, जिच्यातला पहिला माड
आता ओळीत नाही, पाण्यात आहे.
इथे दुसऱ्या कुठल्या पद्धतीने काही जातं का,
पराडकरांना विचारायला हवं होतं.

आता रोज संध्याकाळी काम आटपलं की
पेटीतल्या त्या कागदी पुड्या काढते,
ओल शोषणाऱ्या, 'खाऊ नये' छापलेल्या,
भाकरी झाल्यावर निवत्या तव्यावर ठेवते.
पाच मिनिटं एका कुशीवर, पाच दुसऱ्या.
आबा विचारतात, काय भाजतंस?
हप्ता, म्हणते.
मग मलमलीच्या फडक्याने डोळा पुसते,
कंपनीचा,
आणि खटके लावते, एक, दोन, तीन.
चौथा जरा घट्ट आहे.
आला तेव्हापासून की माझ्याकडे झाला,
ते पावतीवर लिहिलेलं नाही.