होऊन राहिलं

खोली नंबर अकरा, दुपारचे दोन, एप्रिल.
कूलरचं पाणी सकाळीच संपलंय,
वाळ्याचा नुसता सुका वास वर्गभर फिरतोय.
समोर बेचाळीस पोरं, रसायनशास्त्र, पहिलं वर्ष.
सगळी अकरावीत गणिताला रामराम ठोकून सुटलेली,
आणि आता गणितच दारात उभं,
जुनी उधारी मागायला आलेल्या किराणावाल्यासारखं.

मी फळ्यावर काढतो डी सी बाय डी टी.
मागच्या बाकावरून बारापात्रे विचारतो,
"सर, वरचा डी आन् खालचा डी कटून नाही जात का?"
वर्ग हसतो.
मी हसत नाही. मीही एकदा कापला होता,
बोर्डाच्या पेपरात, पट्टी लावून, सरळ रेषेत.

टेबलावरचा चहा मी वर धरतो.
हा काय करून राहिला?
"थंडा होऊन राहिला, सर."
"एवढ्या उन्हात? होऊन राहिला, पण हळूहळू."
बस.
झाला नाही. होईल नाही. होऊन राहिला.
या क्षणाला, इतक्या वेगानं, खालच्या दिशेनं.
आपल्या या बोलण्याला तिकडे पुण्यात हसतात,
हसू द्या.
नळाच्या रांगेत, पानठेल्यावर, बर्डीच्या गर्दीत
आपण दिवसभर विकलजच बोलून राहिलो,
कोणी सांगितलं नाही, एवढंच.

मग लॉग.
लॉग म्हटलं की चेहरे उतरतात,
बर्फीच्या डब्यात सुया-दोरा निघावा तसे.
लिंबाचा पीएच दोनच्या आसपास, दुधाचा सहाच्या वर.
मधे चार पायऱ्या, म्हणजे चारपट?
नाही रे बाप्पा, दहा हजारपट.
ह्या जिन्यावर प्रत्येक पायरी
आधीच्या सगळ्या उंचीला दहानं गुणते.
वहीत उतरवतात सारे. पटतं कोणाकोणाला,
ते मला उत्तरपत्रिकेतच कळेल.

भाविका हेडाऊ कधी बोलत नाही.
आज बोलली.
"सर, गोळीबार चौकात बाबा सूत रंगवतात.
रंगवलं की सात पाण्यांतून काढतात.
दर पाण्यात जादा रंग निम्मा निघते.
मग सातव्या पाण्यानंतर?"
तूच सांग, म्हणालो.
बोटांची पेरं मोजत मोजत ती थांबली.
"एकशे अठ्ठाविसावा हिस्सा."
आणि आठव्यानंतर?
"त्याचाही अर्धा."
शून्य कधी?
खडू हातात धरून मी वाट पाहिली.
वही मिटून ती म्हणाली,
"कधीच नाही ना, सर.
बाबाच्या नखात मागच्या पोळ्याचा निळा अजून आहे.
वरण-भात कालवते तर आई वेगळं ताट देते."

त्या दिवशी घातांकी क्षयाचा आलेख
मी काढलाच नाही.
म्हणजे काढला, पण घाईत, कोपऱ्यात,
अक्षाला टेकणार नाही याची तेवढी काळजी घेऊन.

मे महिन्यात पेपर तपासले.
बारापात्रेनं इंटिग्रेशन बिनचूक सोडवलं,
शेवटचा अधिक सी तेवढा विसरला.
अर्धा गुण कापला. तो भांडायला आला,
घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.
"एका अक्षरासाठी अर्धा मार्क, सर?"
मी म्हटलं, अक्षर नाही ते.
किती बदललं ते तू मांडलंस,
पण निघाला कुठून होतास, ते कोण सांगणार?
त्याला वाटलं मी त्याच्याबद्दलच विचारून राहिलो.
"तुमसरहून, सर," तो म्हणाला,
"पहाटेच्या पॅसेंजरनं. रोजच."

गुण मी वाढवला नाही. नियम नियम असतो.
पण तेव्हापासून फळ्यावर अधिक सी लिहिताना
मी तो जरा मोठा काढतो,
आणि पुसताना सगळ्यात शेवटी पुसतो.