कानाडोळा

तीनला दहा कमी असताना गावाने श्वास रोखला.
पुलापलीकडचं काँक्रीट कालवणारं यंत्र थांबलं,
बसवाल्यांनी हॉर्न गिळले,
मासळीवालीने कर्ण्यावरचा भाव
ओठांवरच ठेवला.
शाळेमागच्या कापूरझाडांखाली
म्हातारा पांग सकाळपासून उभा,
बांबूच्या टोकाला चिकट पीठ,
एकेक किरकिरा किडा टिपून पोत्यात.
पोतं किरकिरतच राहिलं. त्याने ते
नदीकाठी नेऊन ठेवलं,
उन्हात नाही, सावलीत.

मी फाटकाबाहेर. इंग्रजीच्या बाईंना आत मज्जाव.
चौदा वर्षं शिकवते,
आणि खऱ्या इंग्रजाशी एकदाच बोलले,
ग्वेयांगच्या स्टेशनात, त्याला शौचालय दाखवलं.
तो पोलंडचा निघाला.

मग भिंतीवरून आवाज आला.
एक पुरुष, एक बाई.
नवऱ्यापेक्षा जास्त मी या दोघांना ओळखते:
तो नेहमी उशिरा पोचतो,
तिचं नेहमी काहीतरी हरवतं,
विमान सव्वानऊचं असतं
आणि इतक्या वर्षांत एकदाही उडालेलं नाही.
शकुनाचे लाल झगे घातलेल्या आया
कानात प्राण आणून ऐकत होत्या,
शब्द एक कळत नसताना.
माझ्या वर्गात असं कुणी ऐकलं नाही.

जिंगशूचं कुणी आलं नव्हतं.
आई निंगबोला, झिपरच्या कारखान्यात,
रजा मागितली तर महिन्याचा बोनस जातो.

मार्चच्या सराव परीक्षेत प्रश्न होता:
बाईला काय म्हणायचं आहे?
रेकॉर्डिंगमधली बाई म्हणाली होती, ठीक आहे. खरंच.
अ. ती समाधानी आहे.
ब. ती दमली आहे.
क. तिला पत्ता माहीत नाही.
जिंगशूने ब काळा केला, पेन्सिल कागदात रुतेस्तोवर.
"बाई, 'खरंच' म्हणायच्या आधी ती थांबली."
थांबण्याला गुण नसतात, मी म्हटलं,
आणि दीड गुण कापला.

दर रविवारी रात्री नऊला
वसतिगृहाच्या जिन्यात तिचा फोन वाजायचा.
माझी खोली जिन्याला लागून. कानावर पडायचंच.
जेवलीस?
जेवले. तू?
जेवले.
खोकतेस का?
धूळ आहे. ठीक आहे. खरंच.
लहान संवाद एकदाच ऐकवतात,
लांब असले तरच दोनदा.
फोन ठेवून ती पायरीवर बसून राहायची,
उत्तर येत असलेल्या मुलीसारखी,
जिच्यापुढे कुणी कागदच ठेवलेला नाही.

मी दार लोटून घ्यायचे.
उतारे तपासायचे असत:
वेल्समध्ये जुन्या सायकली दुरुस्त करणारा एक विधुर,
देवमासे एकमेकांना किती मैलांवरून हाक मारतात,
चौथ्या परिच्छेदातल्या अधोरेखित शब्दाचा अर्थ
संदर्भावरून ओळखा.
संदर्भ दाराबाहेर नाक ओढत होता.
मी लाल पेनाने पुढचा कागद घेतला.

वीस मिनिटं झाली. भिंतीवरचा आवाज खरखरून बंद पडला.
आयांनी एकदम श्वास सोडला, एकीने सफरचंद कापलं,
पुलापलीकडे यंत्र गरगरू लागलं
आणि मासळी दोन युआनने उतरली.
म्हणजे आता आत
चाळीस पोरं खाली माना घालून
देवमासे वाचत असतील.
जिंगशू तिसऱ्या रांगेत, खिडकीकडे.
आजची बाई कुठे थांबली, कुठे नाही,
हे तिने मोजलं असेल. मग शहाण्या मुलीसारखं
अ काळं केलं असेल. तेही मीच शिकवलं.

पांगने बांबू भिंतीला टेकवला, विचारलं,
ती बाई काय म्हणत होती एवढं?
छत्री हरवली म्हणते.
मग, सापडली?
ते विचारलेलं नाही, मी म्हटलं.
तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला,
मग पोतं सोडायला
नदीकडे गेला.