पावतीवर वाळलेलं बी

निलंग्याच्या बसस्टँडसमोर माझं घड्याळाचं दुकान
आणि दुकानाच्या माथ्यावर अकरा डबे:
तेलाचे, रंगाचे, एक बुडाला चेपलेली घागर.
रोपं दिली रशीदाबीनं. म्हणाली,
"मठपतीकाका, गळ्यापर्यंत पुरा.
दांड्यावर बारीक लव आहे ना,
ती मातीत गेली की तिचीच मुळं होतात."
जितं झाड गळ्यापर्यंत पुरायचं?
मन होईना.
पुरलं.

काळी माती एकटी डब्यात चालत नाही.
पाणी दिलं की चिखल, नाही दिलं की भेग.
तिच्यात मांजरेची वाळू कालवली,
वर्षाचं मुरलेलं शेणखत,
बुडाला खिळ्यानं सहा भोकं.
आधाराला तुराट्या. सुतळीची गाठ सैल,
आठाच्या आकड्यासारखी,
दांडा जाड झाला तर काचू नये म्हणून.

पान आणि फांदीच्या बगलेत
एक आगाऊ कोंब फुटतो. तो खुडायचा.
माझी बोटं जाड, पण चिमटा आहे,
केसाएवढी स्प्रिंग उचलणारा.
आणि डोळ्याला लावायचं भिंग आहे.
पान उलटं केलं,
तर खाली पांढऱ्या माशा, पिठाच्या कणासारख्या,
प्रत्येकीला पंख, प्रत्येकीला घाई.

तिसऱ्या डब्यातलं रोप आखडलं.
पानं वाटीसारखी वळली, शेंडा थांबला.
ताक शिंपडलं. राख टाकली.
निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या.
चाळीस वर्षं हाच धंदा,
बंद पडलेलं काहीही मी फेकलं नाही कधी.
पंधरा दिवसांत चौथा डबा आखडला, मग सातवा.
रशीदाबी जिना चढून आली,
विचारलं नाही, तिन्ही उपटली,
पिशवीत गाठ मारून खाली नेली, चुलीत घातली.
"हे दुरुस्तीचं नव्हतं, काका."
दोन दिवस मी वर गेलो नाही.

नळ आठव्या दिवशी येतो.
त्या दिवशी मी डबे तुडुंब भरायचो,
मग भाताच्या धुवणावर दिवस काढायचे.
पहिलं फळ धरलं, लिंबाएवढं झालं,
आणि बुडाशी काळं पडलं, चामड्यासारखं.
कीड म्हणून भिंगातून पाहिलं. कीड नव्हती.
कलिंदानं तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला,
तांब्याभर पाण्यात ढवळला, वरचं निवळ घातलं.
"एक दिवस जेवण, चार दिवस उपास.
तुमचं पोट दुखणार नाही का?"
तेव्हापासून रोज सकाळी एक तांब्या,
मुळाशी. पानावर थेंब नाही.

येळवशीला परड्यात घालून शेतावर नेली,
पाहुण्यांत कोणी विचारलं नाही कुठली.
आंबिलीसोबत एक मीच चिरून खाल्लं,
मीठ लावून. साल जाड होती.
बाकी सांगण्यासारखं नाही,
पण हात धुवायचं राहून गेलं
आणि बोटांना संध्याकाळपर्यंत तो हिरवा वास.

मोबाइल आल्यापासून घड्याळं थोडीच येतात.
आता लोक पानं आणतात.
रुमालात, डब्यात, एक पोरगा तर वहीत दाबून आला.
मी दिवा ओढतो, भिंग लावतो, पान उलटं करतो.
पोरगा विचारतो, "किती झाले?"
"पाणी रोज घालतोस का सांग आधी."

खालच्या खणात न नेलेल्या घड्याळांच्या पावत्या आहेत.
त्यांच्यावरच बी वाळत घातलंय,
गर धुऊन, एकेक सुटं करून.
कागदाला घट्ट चिकटलं. आता तसंच पेरावं लागणार, पावतीसकट.
सातलिंग, औराद, चावी बसत नाही.
गुणवंती बाई, कासार शिरसी, काच नवी.
हबीब ड्रायव्हर, मागे पडते, रोज दहा मिनिटं.

पोळा झाला की हबीब ड्रायव्हरला
घागरीत लावीन म्हणतो.
तिथं ऊन उशिरा येतं.