किंकाळी, स्त्री, क्रमांक सात

मॉन्ट्रियलच्या उत्तर टोकाला, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
आमचा स्टुडिओ. भिंतींवर करडा फोम,
खाली दिवसभर घुमणारे ड्रायर.
जानेवारीत बूट दाराशी काढून, लोकरी मोज्यांवर
मिरलांद दोर्व्हिल काचेपलीकडे उभी राहायची
आणि मी बोट वर करायचो.

एवढंच. बोट वर, किंकाळी. बोट खाली, पाणी.
ताशी बेचाळीस डॉलर, बसभाडं वेगळं.

पडद्यावर सोनेरी केसांची बाई तळघराच्या पायऱ्या उतरायची,
तिचे ओठ उघडायचे,
आणि मिरलांदच्या बेंबीतून निघालेला आवाज
मी त्या ओठांत बसवायचो, शिंपी काज-बटण करतो तसा,
एक फ्रेम मागे, दोन फ्रेम पुढे.
शिवण दिसू नये, ही माझी कारागिरी.

अकरा चित्रपट.
फाइलवर तिचं नाव लिहायला जागा होती.
कुणी विचारलं नाही, मी लिहिलं नाही.

त्याच चित्रपटांत तिच्यासारखी दिसणारी एक असायचीच,
नर्स, नाहीतर शेजारीण,
घरात पाऊल टाकताच "इथे काहीतरी आहे" म्हणणारी.
विसाव्या मिनिटाला मरायची, दाराआड.
तिला किंकाळी नसायची, नुसता धप्प.
तो मी ओला टॉवेल आपटून करायचो.

"ही मरताना ओरडत का नाही?"
मिरलांदने एकदा विचारलं, ग्लास ठेवता ठेवता.
मी म्हणालो, बजेट.
ती हसली. माइक बंद होता.

त्या हिवाळ्यात माझी झोप उडाली.
बायको दात घासायला तोंड उघडायची
आणि मी कान झाकून घ्यायचो.
मेट्रोत जांभई देणारा म्हातारा,
बेकरीत "पुढचे कोण?" विचारणारी पोरगी,
सगळ्यांच्या ओठांत सातवा क्रमांक तयार.
आरशात माझं तोंड बंद होतं,
आत कुणीतरी बोट वर व्हायची वाट बघत होतं.

मग ओरेली किसांगा आली, सव्वीस वर्षांची, खिशात जेमतेम पैसे,
म्हणाली, या वेळी चेहरासुद्धा हिचाच.

लावालचं एक रिकामं घर. कॅमेरामनने दिवे लावले
आणि कुरकुरला, हिचे नुसते दात दिसतात.
मिरलांद काही बोलली नाही.
दिवा उचलून तिने भिंतीकडे वळवला.
पिवळट भिंतीवरून उजेड परत आला
आणि दिसलं गालाचं हाड, भुवईतला जुना व्रण,
एक्कावन्न वर्षं.

ओरेलीने बोट वर केलं.

किंकाळी आली नाही.
तळघराच्या तोंडाशी मिरलांद नुसती ऐकत राहिली,
खालून आपलाच आवाज येतोय, अकरा बायकांचा,
आणि वर यायला त्यांना जिना सापडत नाहीये.
एक्केचाळीस सेकंद.
मग क्रिओलमध्ये, झोपलेल्या पोराला विचारावं तसं,
"कोण आहे खाली?"

माझ्या हातातला माइक थरथरला. ते रेकॉर्डिंगमध्ये आहे.
मी ते पुसलं नाही.

फाइलवर नाव लिहिलं. पूर्ण.

पण सातवा क्रमांक अजून विकला जातो.
परवा टायरच्या जाहिरातीत ऐकला:
ओला रस्ता, हरीण, करकचून ब्रेक,
स्टिअरिंगमागे सोनेरी केसांची बाई, तोंड उघडं.

बायको म्हणाली, आवाज कमी कर ना.
रिमोट माझ्याच हातात होता.