शीर

सकाळी सव्वासहाला कोपरखैरणे
अजून पेपरच्या घडीत असतं.
स्कूटरवर पायांपाशी बर्फाची पेटी,
गळ्यात कार्ड: सलोमी रणनवरे, रक्त-नमुना संकलन.
दारं उघडतात ती चहाच्या आधीची माणसं,
खरी, आणि जराशी चिडकी.

शीर शोधायची ती डोळ्यांनी नाही, बोटाने.
दोन टिचक्या, मग थांबायचं.
घाई केली की सरकते,
फार थांबलं की हात गार पडतो.

दर गुरुवारी माथाडी वसाहत, तिसरा मजला,
बाजीराव शेडगे.
तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याची पोती वाहून
उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली.
केमोनंतर त्यांच्या शिरा दडून बसल्यात,
पाहुणे आले की पोरं दडतात तशा.

पहिल्या खेपेला त्यांनी कार्ड वाचलं, अक्षर लावत.
"स-लो-मी. हे कुठलं गं नाव?"
"असंच, काका. आईनं ठेवलं."
आणि मी कापूस दाबला.
असंच!
अख्खं नाव त्या कापसाखाली.

या गुरुवारी म्हणाले,
"रातभर डोळ्याला डोळा नाय. घड्याळाचे ठोके मोजतो.
तू एवढं रक्त बघतीस रोज,
आन् अशी शांत कशी गं?"
"सवय, काका."
नळीवर नाव लिहिलं, जिना उतरले.

दुसऱ्या मजल्यावर, कुणाच्या तरी चपलांपाशी,
मला माझ्या नावाची बाई आठवली.
पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन थडग्याकडे निघालेल्यांत
तीही होती.
धोंड बाजूला, आत निरोप: जा, सांगा.
आणि त्या पळत सुटल्या,
भीतीने कुणाशी चकार शब्द बोलल्या नाहीत.
संडे स्कूलमध्ये मला याची लाज वाटायची.
नाव ठेवायला दुसरी कोणी मिळाली नाही?

पण त्या गप्पच राहिल्या असत्या
तर ही बातमी सेक्टर पाचच्या या जिन्यापर्यंत
आली असती कशी?
कोणीतरी वाटेत थांबलं असणार.
धाप लागलेली असणार. मागे वळलं असणार.

फोन. लॅबचा.
"मॅडम, सानपाड्याचे प्रधान काका उपाशी बसलेत."
"दहा मिनिटं," म्हणाले, आणि वर चढले.

हौसाबाईंनी दार उघडलं. "काय विसरलीस?"
"उत्तर."

फार काही बोलले नाही.
डिकीत पावत्यांखाली वर्षभर पडलेली पत्रकं
तिथेच राहिली.
देव्हाऱ्यातल्या खंडोबाबद्दल अवाक्षर नाही,
घर त्यांचं, मी पाहुणी.
अडखळत एवढंच सांगितलं
की भाऊ गेला त्या साली मलाही झोप नव्हती.
की स्कूटर सुरू करायच्या आधी, हेल्मेटच्या आत,
मी येशूशी बोलते. मोठ्याने. काचेवर वाफ धरते.
की तो पोतं हलकं करतोच असं नाही,
पण पलीकडचे दोन कान धरतो.

शेडगे काका कितीतरी वेळ पंख्याकडे बघत राहिले.
पोत्याचे कान कोणी धरले म्हणजे काय
हे त्यांना सांगावं लागत नाही.
"बरं," म्हणाले, "त्या टोपीत उद्या आमचं नाव घे.
पुरं घे. बाजीराव ज्ञानू शेडगे."
आतून हौसाबाई, "माझं बी."

एवढंच घडलं. कोणी रडलं नाही.
पुढचं त्याच्याकडे.

माझ्यासारख्या भित्र्यांनो,
ज्यांची जीभ ऐन वेळी टाळूला चिकटते,
सुईवाल्या बाईचं ऐका:
शीर चुकली म्हणून हात सोडायचा नसतो.
कापूस दाबा, माफी मागा,
दुसरा हात बघा.
आणि जिन्यातच असाल अजून, तर वर जा.

सानपाड्यात प्रधान काका दारातच उभे,
हात कमरेवर.
"चाळीस मिनिटं! होतात कुठे?"

पेटी खाली ठेवली.
त्यांच्या बाहीचं बटण सोडलं.
दोन टिचक्या.
"सांगते," म्हणाले.