उणे वीस

पुंता अरेनासच्या केंद्रात स्टुडिओच्या पाठीमागे
कपाटाएवढी एक खोली होती.
बारा वाटांनी आवाज आत यायचे,
एकाच वाटेने बाहेर पडायचे,
आणि मधे एदेलमिरा ओयार्सो बसायची.
बटणांवरची अक्षरं तिच्याच बोटांनी पुसली गेलेली.

पहिल्या दिवशी तिने मला खुर्ची दिली नाही.
म्हणाली, काटा बघ. शून्य कुठे आहे?
मी डाव्या टोकाकडे बोट दाखवलं.
तिथे उणे वीस आहे, पोरा.
शून्य उजवीकडे, लाल सुरू होतं तिथे.
शून्य म्हणजे भरलेला आवाज.
त्याच्या पलीकडे अधिक, म्हणजे फाटलेला.
अलीकडे सगळं उणे.
माणसाचं बोलणं उण्यातच शोभतं.

मी वहीत लिहून घेतलं.
तिने वही मिटवली.

काटा जरा आळशी असतो, ती सांगायची,
टाळी वाजून विरते
तेव्हा हा अजून निम्म्या वाटेवर.
म्हणून त्याच्यावर रागवायचं नाही,
त्याला एक शब्द मागे गृहीत धरायचं.

साडेसातला ग्रामीण निरोप.
निवेदक कार्कामो वाचायचा:
ओतोनिएल मान्सिया यांस,
घोडी फाटकाशी बांधून ठेवा, गुरुवारी लाँच येईल.
नदीपलीकडच्या कुरणावरील स्वयंपाकीणबाईंस,
ऑपरेशन नीट झालं, कवळी मात्र दवाखान्यात हरवली.
कार्कामोचा काटा उणे तीनवर ठाण मांडायचा,
ओल्या लोकरीच्या गठ्ठ्यासारखा जड,
आणि प्रत्येक 'प'ला दचकायचा.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं
की तिच्या हेडफोनची वायर कुठेच जोडलेली नाही.
प्लग खुर्चीच्या पायाशी लोंबत होता
आणि ती मान डोलावत होती
काट्याबरोबर.
डाव्या कानाने तिला काहीच येत नसे,
उजव्याने फक्त वारा,
आणि तिथे वारा कोणालाही येतो.
मी मूग गिळून बसलो.
तिलाही ते कळलं असावं,
कारण दुसऱ्या दिवशी तिने मला खुर्ची दिली.

जुलैतली रात्र. खिडकीला आतून बर्फ.
दोन्या उबेर्लिंदा दवाखान्यातून थेट आली,
अंगात अजून एप्रन,
निरोप मीच सांगणार, म्हणाली.
कार्कामोने माइक पुढे सरकवला.
एलिसेओ, ती म्हणाली. उणे सात.
मग काही नाही.

नियम असा: चार सेकंद शांतता, की सातवं बटण, संगीत.
माझं बोट सातव्यावर होतं.
काचेपलीकडून कार्कामो हाताने कात्री करून दाखवत होता.
एदेलमिराने माझ्या हातावर तिचा तळवा ठेवला,
गरम, खरबरीत.

बघ.

उणे वीसच्याही डावीकडे एक खिळी असते,
कोणी नसेल तेव्हा काटा तिच्यावर टेकून पडतो.
तो टेकला नव्हता.
खिळीपासून केसभर वर
थरथरत होता.
बाई बोलते आहे अजून, एदेलमिरा म्हणाली.

अकरा सेकंद.
साऱ्या मागेल्लानेसमध्ये, कुरणाकुरणांवर,
लोक रेडिओला थापट्या मारत असतील.
मग काटा उठला, उणे दहापर्यंत:
एलिसेओ, मेंढ्या कोणाच्या तरी हवाली कर
आणि ये.
आईचं नावही तिने घेतलं नाही.

सकाळी संचालकांनी नोंदवही मागवली.
एदेलमिराने लिहून ठेवलं होतं:
सात सत्तेचाळीस. आवाज होता. पातळी योग्य.

आता काटे नाहीत, दिव्यांची शिडी आहे,
हिरवे, पिवळे, वर दोन लाल.
दिवा लागतो किंवा लागत नाही,
केसभराला दिवा नसतो.
सगळ्यात खालचा विझतो
तेव्हा मी बटणाला हात लावत नाही.
अकरापर्यंत मोजतो.
बहुतेक वेळा वायरच तुटलेली असते,
आणि नवे साहेब मला बरंच काही बोलतात.